स्ट्रायकरची छाननी आणि विषय क्रमांक दोन

शाळेच्या पालक समितीची बैठक शनिवारी संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गात भरली. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर थोरामोठ्यांनी गुडघे छातीशी घेऊन आसनं ग्रहण केली. पटलावर दोन विषय होते. विषय क्रमांक एक : फुटबॉल क्लबने नवा स्ट्रायकर घ्यावा की न घ्यावा. विषय क्रमांक दोन : स्कूलबसचा नवा ड्रायव्हर.

पहिला विषय शाळेच्या कक्षेत बसतो का, अशी शंका मागे एका गृहस्थांनी काढली होती. ते आता समितीत नाहीत. उरलेले सगळे क्लबचे जुने चाहते. गळ्यात क्लबचा मफलर असल्याशिवाय सभासदाची हजेरी लागत नसे. स्वतः क्लबने मात्र त्यांना आजवर काहीही विचारलेलं नव्हतं. ही क्लबची प्रशासकीय त्रुटी आहे आणि ती यथावकाश दूर होईल, अशी समितीची खात्री होती.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी घसा साफ केला.

"गडी वेगवान आहे, मान्य. पण डाव्या गुडघ्याचं काय?"

डाव्या गुडघ्याचा अभ्यास विमा एजंटांकडे होता. त्यांनी त्या गुडघ्याचा फोटो कुठूनसा पैदा करून मोबाइलवर आणला होता. "ही सावली बघा. असल्या गुडघ्याला मी तरी पॉलिसी देणार नाही."

"सावली कसली? अंगठा आलाय कोणाचा तरी," चष्म्याचे दुकानदार म्हणाले. त्यांची नजर तीक्ष्ण होती.

गुडघ्यानंतर झोप निघाली आणि झोपेवरून त्याची सासू निघाली. सासू सोबत राहायला आली तर घरात शांतता राहणार नाही, शांतता नसली की झोप नाही, आणि झोपच नसली तर गोल कुठून येणार? सासूच्या स्वभावाची गोपनीय चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली. मग चष्मेवाल्यांनी आवाज खाली आणला.

"हा मुलगा कॉलेजात असताना लाल सिग्नल तोडताना पकडला गेलाय."

सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"जो सिग्नलला जुमानत नाही तो कोचला काय जुमानणार?" अध्यक्ष म्हणाले.

"अशा बेजबाबदार माणसाच्या हाती सगळं सोपवायचं? उद्या काही बरंवाईट झालं तर?" विमा एजंटांनी मफलरने डोळे टिपले.

मागच्या रांगेतून आर्किटेक्टबाईंनी हात वर केला. त्या समितीत नव्या होत्या आणि केवळ विषय क्रमांक दोनसाठी आल्या होत्या. त्यांची चिमी दुसरीत होती आणि रोज त्याच बसने यायची.

"नवा ड्रायव्हर बाहेर केव्हाचा बसलाय," त्या म्हणाल्या. "त्याची काही चौकशी केलीय का कोणी? नजर तपासलीय?"

"बाई, जरा दमानं घ्या," अध्यक्ष वडीलकीच्या सुरात म्हणाले. "ही घाईनं उरकायची कामं नव्हेत."

स्ट्रायकरबाबतचा निर्णय अखेर राखून ठेवण्यात आला. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर माणूस नेमायला समितीचं मन धजेना. मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, "चला, हेही उरकून टाकू," म्हणाले आणि ड्रायव्हरला आत बोलावलं.

ड्रायव्हर दाराच्या चौकटीला खांदा घासत आत आला. चित्रं काढण्यासाठी कोपऱ्यात प्लॅस्टरचा एक पुतळा ठेवलेला होता. त्याला त्याने वाकून नमस्कार केला.

"माणूस नम्र आहे," विमा एजंट म्हणाले.

"मागचा सामना पाहिलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो साहेब. स्टँडमध्येच होतो."

सगळे सावरून बसले. मागच्या सामन्यात अखेरच्या क्षणी क्लबच्या गड्याने मारलेला चेंडू गोलच्या दांडीवरून गेला, मागच्या जाहिरातीच्या फलकावर आपटला आणि पंचांनी गोल नाकारला. तो गोलच होता, असा ठराव समितीने एकमताने मंजूर करून शाळेच्या सूचनाफलकावर लावला होता.

"मग सांगा. गोल होता की नव्हता?"

ड्रायव्हरने डोळे बारीक केले. त्याला नोकरीची गरज होती. "गोलच होता साहेब. मला स्पष्ट दिसला."

"कधी दिसला?" बाईंनी विचारलं.

"लोक ओरडले ना, तेव्हा दिसला."

"आम्हालाही तेव्हाच दिसला!" चष्मेवाले गहिवरले.

"अहो, चेंडू दांडीच्या हातभर वरून गेला! टीव्हीवर माझ्या चिमीलासुद्धा कळलं. निदान तुमच्या दुकानात नेऊन यांचे डोळे तरी तपासा."

"बाई, माझी हयात डोळे तपासण्यात गेली. ऐन मैदानात उभ्या असलेल्या पंचाला जे दिसलं नाही, ते या माणसाला स्टँडमधून दिसलं. आता आणखी काय तपासू?"

नेमणूक मंजूर झाली. बाईंनी विरोधात हात वर केला, पण गळ्यात मफलर नसल्यामुळे तो हात अवैध ठरला.

सोमवारी बाईंच्या साइटवर स्लॅब टाकायचा होता. चिमीला स्वतः सोडणं शक्य नव्हतं. आजचा एकच दिवस, असं मनाला बजावून त्यांनी तिला बसमध्ये बसवलं.

शाळेच्या फाटकाला दोन बाजूंना दगडी खांब आहेत. आपल्या माणसाचं स्वागत करायला समिती मफलर घालून तिथे उभी होती. बस वळली आणि सरळ डाव्या खांबावर गेली. काचा फुटल्या, आतून मुलांच्या किंकाळ्या आल्या.

चौकशी पुढच्या शनिवारी त्याच वर्गात त्याच समितीने केली, कारण प्रत्यक्षदर्शी तेच होते. बस आत गेली होती, असा निष्कर्ष निघाला. पुढचं चाक रेषेच्या आत होतं, हे विमा एजंटांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चष्मेवाल्यांचं म्हणणं, खांबाला लागून आत गेलेलं नियमात धरतात. खांबालाच तिथे उभं राहिल्याबद्दल खुलासा मागवावा, अशी सूचना आली आणि तीही संमत झाली.

तेवढ्यात बाई चिमीला घेऊन वर्गात शिरल्या. चिमीचा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. कपाळावर टाके.

"काका, बस आत नव्हती गेली," चिमी चष्मेवाल्यांना म्हणाली. "मी खिडकीतच बसले होते."

"एका गुडघ्याच्या सावलीवर तुम्ही तासभर घालवलात," बाई म्हणाल्या. "ज्याच्या हवाली पोरं केलीत, त्यानं पुतळ्याला नमस्कार केला तुमच्यादेखत. का नाही तपासले त्याचे डोळे? मला एवढंच सांगा."

अध्यक्षांची मान खाली गेली. त्यांना खरोखर लाज वाटली असावी, कारण त्यांनी मफलर सैल केला आणि तोंड उघडलं.

त्याच क्षणी सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. स्ट्रायकरबाबत क्लबची अधिकृत घोषणा आली होती. सगळी डोकी खाली झुकली.

"एक मिनिट हं, बाई," अध्यक्ष म्हणाले.

चिमीचं हाड कोपराखाली मोडलं आहे. बोटं हलतात, पण करंगळीला स्पर्श कळत नाही आणि तो परत येईल की नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. चिमी त्याच हाताने लिहायची. या ओळी तुम्ही जरा भराभर वाचल्यात, वाचक. खाली घोषणेत काय होतं ते असेल, म्हणून नजर पुढे पळाली ना?

घेतलं त्याला. झालं समाधान?