सासूबाईंचं कडं

"कापायचं नाही, घासायचं नाही आणि आईला कळू द्यायचं नाही," असं बजावून बायकोनं कडं नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत टाकलं. आईनं वाढदिवसाला दिलेलं कडं दिसायला सोन्याचं होतं, पण हाताला हलकं लागत होतं.

नवरा धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. तिथे मेणाच्या जाड भिंतींआड किरणोत्सर्गी पदार्थाची बोटाएवढी कुपी होती. तिच्यातून सुटणारे न्यूट्रॉन नमुन्यावर पडले की त्याला ओरखडाही न उमटता आत कोणता धातू किती, ते मोजता येई. सकाळी त्यानं कडं आत सरकवलं. संध्याकाळी बाहेर काढलं, तर दारात सुरक्षा अधिकारी बाई उभ्या.

"हा नमुना कुठल्या कारखान्याचा?"

"सासूबाईंचा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मोजयंत्र कड्याजवळ नेलं. ते टकटकू लागलं. न्यूट्रॉन खाल्लेली वस्तू काही काळ स्वतःच किरणं सोडते, हे त्याला पाठ होतं. नेमकं आजच आठवलं नव्हतं.

"टकटक थांबेपर्यंत हे शिशाच्या पेटीत राहील. सोनं असेल तर महिनाभर. आणि उद्या लेखी खुलासा द्या. त्यात सासूबाई नकोत."

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, रविवारी आई येतेय!"

"खरं सांगून टाकू."

"काय सांगणार? आई, तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून कडं अणुभट्टीत घातलं?"

"भट्टी नाही, कुपी."

"तुम्ही त्या दिवशी तोंड उघडू नका."

रविवारी आईनं चहाच्या पहिल्याच घोटाला विचारलं, "कडं कुठंय गं?"

बायकोनं डोळ्यांत पाणी आणलं. "हरवलं गं, आई."

नवऱ्यानं बिस्किटाकडे लक्ष दिलं. आईनं शांतपणे कप खाली ठेवला.

"हरवू दे. खोटंच होतं."

"खोटं?"

"तुझा वेंधळेपणा मला माहीत नाही का? म्हटलं, आधी खोटं देऊन बघू. सहा महिने नीट सांभाळलंस तर खरं द्यायचं. आज घेऊनही आले होते."

आईनं पर्समधून मखमली डबी काढली, उघडून दोघांना नीट दाखवली, पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"असो. जावईबापू, तुम्ही आज काहीच बोलत नाही ते?"