अनफिट म्हणणारा तू कोण?

मोहिते अण्णा आपल्या संगणकाला ‘अहो’ म्हणतात आणि मला ‘ए पुट्टी’. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी. माझं वय सत्तेचाळीस. बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत माझ्या हाताखाली बरीच माणसं काम करतात आणि त्यांतलं कुणी माझ्यासमोर आवाज चढवत नाही. पण इथे मान संगणकाला. “अहो उठले काय बघ,” असं अण्णा म्हणाले, की संगणक सुरू झाला का ते बघायचं, हे कळायलाच मला काही दिवस लागले.

अण्णा माझे घरमालक. जयनगरात त्यांचं जुनं दुमजली घर आहे. खाली ते एकटे, वर मी. त्यांचे पूर्वज तीनशे-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. साहजिकच त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली. तरीही मी पुण्याची आहे म्हटल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, “मग तुला मराठी सरी येतं काय?” सरी म्हणजे नीट, बरोबर. त्या प्रश्नाचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये केली. यंत्र बदलायचं नसतं, त्याची सर्व्हिस करायची असते, हा त्यांचा धर्म. त्यांचा मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, सगळं माझ्या लग्नाच्या आधीचं. माझा गुडघा दुखला तेव्हा त्यांनी डॉक्टरबिक्टर विचारलं नाही. “सर्व्हिस केलीस काय?” एवढंच. माझं लग्न मोडलं हे कळलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मला बोलवायचं असलं की अण्णा केरसुणीच्या दांड्याने त्यांच्या छतावर, म्हणजे माझ्या जमिनीवर ठोकतात. फोन आहे, जिना आहे, बेल आहे. तरी ठोकतातच. त्या शनिवारी असं काही ठोकलं की माझ्या हातातला चहा सांडला. मी तणतणत खाली गेले.

“हे बघ! मला अनफिट म्हणतंय!”

पडद्यावर लिहिलं होतं, की हा संगणक नव्या सिस्टीमसाठी पात्र नाही.

“तुम्हाला नाही अण्णा, संगणकाला.”

“एकच की ते! रोज उठतात, काम करतात, वेळेवर निजतात. अनफिट कसे? सांगणारा कोण तो? एकदा घरी येऊन बघितला काय त्यांना?”

मी हसणार होते, पण मलाच चीड आली. चांगलं चालणारं यंत्र, आणि कुठे तरी बसून कुणी तरी ठरवतो की ते भंगार! आमच्या कंपनीतही गेल्या वर्षी चांगल्या चालत्या माणसांना असंच दोन ओळींत कळवलं होतं.

यात अडत होतं ते अक्काचं. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच अण्णांना वाढवलं. ती हुबळीला मुलाकडे असते. अलीकडे तिला काही आठवत नाही. सून कोण, नातवंडं कोण, आपण जेवलो की नाही, काहीच नाही. मात्र दर रविवारी सकाळी भाचा टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावून देतो, आणि समोर अण्णा दिसले की अक्का ओळखते. साऱ्या जगात तिला ओळखू येणारं एवढं एकच माणूस उरलेलं. नुसता फोनवरचा आवाज आला तर ती घाबरते. अण्णांच्या कमरेला हुबळीपर्यंतचा प्रवास झेपत नाही. आणि आता जुनी सिस्टीम असेल तर कॉल लागणारच नाही, असं त्या अ‍ॅपने कळवलं होतं.

“उद्या रविवार आहे,” अण्णा म्हणाले. एवढंच म्हणाले.

मग काय! सुट्टीच्या दिवशी, गाड्यांच्या गर्दीतून, संगणकाचे सुटे भाग मिळतात त्या एसपी रोडवर मी गेले. नवी डिस्क आणली. जुन्या संगणकांनाही चालेल अशी एक फुकटची नवी सिस्टीम शोधली. आणि स्क्रू काढून डबा उघडला, तर आत अक्षता, वाळलेला झेंडू आणि पंख्याच्या पात्यांवर हळदीचे थर.

बेंगळुरूत आयुधपूजेला रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागतं, हे मला माहीत आहे. पण बाहेरून लागतं!

“अण्णा, हे आत कुणी टाकलं?”

“मी. दर खंडेनवमीला उघडून करतो. काम आत होतं, आणि पूजा बाहेरून कशी करायची?”

मी नुसतीच ओरडले. मग ब्रश घेऊन सगळं झाडलं, पुसलं. पडद्यावरच्या छोट्या कॅमेऱ्यालाही वर्षानुवर्षं हळदीचं बोट लागत आलं होतं. त्याची काच चष्म्याच्या फडक्याने घासून घासून लख्ख केली. संध्याकाळपर्यंत नवी सिस्टीम चालू झाली. मी अभिमानाने कॅमेरा लावून दाखवला. अण्णांच्या गालावरचा खुंट न् खुंट, कपाळावरची आठी न् आठी दिसत होती.

अण्णा बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. “स्वल्प जास्तीच दिसतं,” म्हणाले.

धन्यवाद नाही, काही नाही. मी वर जाऊन झोपले.

रविवारी सकाळी पुन्हा ठोकाठोक. खाली गेले तर अण्णा उभे.

“काढ हे. जुनं आण.”

माझा तोल सुटला. “जुनं आण? काल दिवसभर मी काय केलं ते बघितलंत ना? माझी सुट्टी, माझी पाठ, आणि वर हे?”

“तोंड खराब केलंस माझं.”

“तोंड मी नाही केलं अण्णा! ते तसंच आहे. आता नीट दिसतंय, एवढंच!”

एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची चार असतात. त्या दिवशी त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं.

कॉल चालूच होता. खुर्चीत एक बारकीशी म्हातारी पदर घट्ट ओढून बसली होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच मुलाला हळू आवाजात विचारत होती, “ते म्हातारे कोण रे? कधीचे माझ्याकडंच बघायलेत. बंद कर की ते.”

“इतके दिवस दिसत होतो तिला मी,” अण्णा म्हणाले.

अण्णांसमोर रडायला मी तयार नव्हते, म्हणून तरातरा देवघरात गेले आणि हळदीची वाटी घेऊन आले. बोट बुडवलं आणि काल इतकी घासलेली ती काच पुन्हा माखली. पडदा नुसताच पिवळा झाला.

“जास्ती झालं. पूस स्वल्प,” अण्णा म्हणाले. टूलरूमचा माणूस! “अजून. कडेनं. हां.”

हळूहळू त्यांचा चेहरा दिसू लागला. खुंट गेले, आठ्या गेल्या, पांढरे केस उन्हातल्यासारखे झाले. एक धूसर, गोल, कुठल्याही वयाचा चेहरा.

“सरी,” अण्णा म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले.

हुबळीची म्हातारी पुढे वाकली. पदर सुटला, तो तिने सावरला नाही.

“बाळू? कुठं होतास रे इतका वेळ?”

“इथंच होतो अक्का.”

“जेवलास काय?”

“नाही अक्का.”

“मग बसलास काय तिथं? ये की. वाढून ठेवलंय.”

“येतो,” अण्णा म्हणाले, आणि त्यांचे पाय टेबलाखाली चपला चाचपू लागले.