आत्याबाई आणि जावई यांचा तत्त्वतः सामना

ही गोष्ट २००६ सालची. त्या वर्षी फोनला बटणं होती, आणि ती दाबली की पलीकडून खरोखरच माणूस बोलत असे. एका तंत्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत, लेथ आणि मोडकी बाकं यांच्या मधल्या जागेत, शेवटच्या वर्षाच्या मुलांनी भांडणारं एक यंत्र तयार केलं. यंत्रांच्या कुस्त्यांची स्पर्धा होती. जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात दोन यंत्रं सोडायची, मुलांनी बाहेरून रिमोटने चालवायची, आणि ज्याचं यंत्र हलायचं थांबेल तो हरला. नियम एवढाच. इतका साधा नियम आपल्यात फार दिवस टिकत नाही, हे मुलांना तेव्हा माहीत नव्हतं.

गटाची प्रमुख एक मुलगी होती. तिला सगळे कानस म्हणत. एक तर पोलादाच्या कडा घासायला तिच्या हातात सदोदित कानस असे, आणि दुसरं कारण तिची जीभ. आईवडील परगावी, म्हणून ती वडिलांच्या बहिणीकडे राहून शिकत होती. ही आत्या तारखात्यातून निवृत्त झालेली. शब्दाला पैसे पडतात अशा बेताने ती आयुष्यभर बोलत आली होती.

यंत्राच्या पुढच्या बाजूला दातेरी पोलादी पिंप होतं. ते गरगर फिरवून समोरच्याला फोडायचं, असा बेत. पण फिरवणार कशाने? बाजारातल्या मोटरी पिंप बघूनच गरम होत. शेवटी आत्याने कपडे धुण्याच्या मशीनकडे बोट दाखवलं.

"ही काढ."

"अगं पण कपडे?"

"हात आहेत. जिंकून ये."

कानसच्या गटात ठिणगी नावाने ओळखला जाणारा एक मुलगा होता. तो तारा जोडायला बसला की घरातल्या बायका मुख्य बटण बंद करून येत. त्याने ती मोटर बॅटरीवर चालेल अशी नव्याने गुंडाळली, आणि यंत्राचं नाव पडलं आत्याबाई.

"समोर कोण आहे ते न बघता थोबाडीत देते," ठिणगी म्हणाला, "दुसरं काय नाव ठेवणार?"

आत्याला हा गौरव वाटला. तिने त्याला आणखी एक कप चहा दिला.

आत्याबाई कोणासाठी बनत होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पुलापलीकडच्या संस्थेचं एक यंत्र होतं, जावई. त्याला पुढे फावड्यासारखी जीभ होती. ती समोरच्याच्या खाली सरकवून तो त्याला उलथा करी. एकदा आत शिरला की यजमानाचं काही शिल्लक ठेवत नसे, म्हणून जावई. आदल्या वर्षी त्याने कानसच्या यंत्राचा असा काही पाहुणचार घेतला होता, की ते तिला गोणीत भरून बसने घरी आणावं लागलं. यंदा तिला एकच गोष्ट हवी होती. आत्याबाई आणि जावई, समोरासमोर, एकदाच. हरलो तरी चालेल, पण लढत झाली पाहिजे. ट्रॉफी, नोकरी, नाव असलं काही तिच्या मनात नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं.

प्राथमिक फेरीत आत्याबाईने एकाचं चाक, दुसऱ्याचा पत्रा आणि तिसऱ्याचं मनोधैर्य मोडलं. मागच्या वर्षीचा विजेता थेट अंतिम फेरीत येई, म्हणून अंतिम सामना जावयाशी ठरला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला आणि तिथेच घात झाला, कारण संस्थेने दखल घेतली.

तोवर प्राचार्यांची समजूत अशी होती, की कार्यशाळेतून येणारा आवाज पंख्याचा आहे. त्या पंख्याच्या दुरुस्तीचे आदेशही त्यांनी दिले होते. फोटो पाहिल्यावर मात्र ते स्वतः कार्यशाळेत आले, आत्याबाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आपली संस्था अशी यंत्रं पूर्वीपासून बनवत आली आहे." आयत्या बिळावर नागोबा बसतो हे मुलांनी ऐकलं होतं; तो बसल्यावर भाषणही करतो, हे नवीन होतं.

संध्याकाळी भांडारपाल ब्रश आणि पांढरा रंग घेऊन आले.

"काय करताय काका?" कानसने विचारलं.

"क्रमांक घालतोय. आजपासून ही संस्थेची मालमत्ता."

"घाला. पण पिंपावर नको, घासून जाईल."

"घासून कसा जाईल? संस्थेच्या मालमत्तेला जाणूनबुजून इजा केली तर शिस्तभंग होतो, माहीत आहे ना?"

"काका, ही भांडते. भांडणात इजा व्हायचीच."

"मग भांडू नये."

"भांडायलाच तर बनवलीय."

"अगं बाई, खुर्च्याही बसायलाच बनवलेल्या असतात. म्हणून भांडारातल्या नव्या खुर्च्यांवर मी कधी कोणाला बसू दिलंय?"

मुलं मोडक्या बाकांवर बसत होती आणि भांडारातल्या खुर्च्यांची चवड छताला टेकली होती, हे कानसने डोळ्यांनी पाहिलं होतं.

ती प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य समंजस गृहस्थ होते. ते कधीही कोणाला नाही म्हणत नसत, समिती नेमत. ज्यांनी आत्याबाई पाहिलेली नाही अशांनाच समितीवर घेण्यात आलं, म्हणजे पूर्वग्रह नको. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, हिशेबनीस आणि कवायतीचे मास्तर अशा तिघांनी चहा घेऊन विषय समजावून घेतला.

"दात तीक्ष्ण आहेत," मास्तर म्हणाले. "त्यांना रबर लावा."

"सर, रबर लावलं तर मार लागणार नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

"आणि फिरण्याचा वेग?" हिशेबनीसांनी वर पाहिलं. "एवढा पुरे." वर छताचा पंखा फिरत होता. तो दुरुस्त झालेला नव्हता.

"शिवाय मारण्यापूर्वी हॉर्न वाजला पाहिजे," प्राध्यापक म्हणाले.

"हॉर्न वाजवून कोण मारतं, सर?"

"सभ्य माणसं."

"पण समोर जावई आहे."

"मग तर," तिघेही एकदम म्हणाले, "जपूनच वागायला हवं."

आठवडाभरात आत्याबाईच्या दातांना रबर बसलं, अंगावर फोमची गादी चढली आणि कपाळावर सायकलचा हॉर्न आला. ओरखडे दिसू नयेत म्हणून तिला बाहेरून चकचकीत मुलामा देण्यात आला. हा मुलामा देताना मूळचे ओरखडे घासून काढावे लागले, तेवढी इजा समितीने मंजूर केली. शेवटी सुरक्षेसाठी तिची चावी, म्हणजे बॅटरी जोडणारा तांब्याचा तुकडा, भांडारपालांच्या खिशात गेला. ठिणगीने एकदा तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आत्याबाईला मिशा लावल्या असत्या तरी ओळखलं असतं मी. ही कोण आहे?"

कानसने घरी येऊन सगळं सांगितलं. आत्या कपडे पिळत होती. तिने पिळा तसाच बादलीत टाकला, चपला घातल्या आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"मोटर माझी. लढायला दिलीय. शोभेला नाही."

"बाई, आपल्या भावनांचा संस्था आदर करते," प्राचार्य म्हणाले. "परंतु मोटर आता मालमत्तेत समाविष्ट झाली आहे."

"मग माझे कपडेही समाविष्ट करा. धुऊन पाठवा."

प्राचार्यांनी हा प्रस्ताव टिपून घेतला आणि समितीकडे पाठवतो म्हणून सांगितलं.

कानस मात्र खचली नव्हती. तिने तांब्याची दुसरी चावी घडवली होती, आणि गादीचे बंद एका ओढीत सुटतील असे बांधले होते. जावई समोर आला, की गादी, रबर आणि हॉर्न एका झटक्यात उतरवायचे आणि मग काय ती शिस्त भंगू दे, असा तिचा निश्चय होता.

सामन्याच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. आत्याबाई भांडारपालांच्या देखरेखीखाली पांघरुणातून आली. कानसने दोन्ही हात खिशात घातले, एकात रिमोट, एकात चावी, आणि दाराकडे डोळे लावले. इतक्यात जावई आला.

तो काचेच्या पेटीत होता. पेटी गाडीवर होती आणि दोन रखवालदार ती ढकलत होते. पुलापलीकडच्या संस्थेने जावयाची दखल आदल्या वर्षीच, जिंकल्याबरोबर घेतली होती. त्याची जीभ काढून प्राचार्यांच्या टेबलावर कागद दाबायला ठेवली होती, आणि जिभेच्या जागी संस्थेचं बोधचिन्ह बसवलं होतं. मागून त्यांच्या गटाचा प्रमुख चालत होता. तो फारसं बोलत नसे म्हणून त्याला मौनी म्हणत. त्याने कानसकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दोन चोरांची नजरानजर व्हावी, तशी त्या दोघांची झाली.

दोन्ही प्राचार्य एका सोफ्यावर बसले आणि चर्चा करून उठले. निवेदन वाचून दाखवण्यात आलं. परस्परांच्या मालमत्तेचा पूर्ण आदर राखून, हा सामना तत्त्वतः झाला असे मानण्यात यावे.

पंच गोंधळला. "मग शिट्टी कधी वाजवू?"

"सुरुवातीला वाजवा आणि शेवटी वाजवा," प्राचार्य म्हणाले. "मधे काही होणार नाही."

आत्याबाई आणि जावई पिंजऱ्यात समोरासमोर ठेवण्यात आले. शिट्टी वाजली. दोघंही हलले नाहीत. नियमाप्रमाणे जो हलत नाही तो हरतो, त्यामुळे दोघंही हरत होते; पण दोघंही सारखेच हरत असल्यामुळे ते बरोबरीत होते. पहिल्या रांगेतले एक पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले, "काय तोडीस तोड आहेत हो." पुन्हा शिट्टी झाली. संयुक्त विजेते जाहीर झाले. टाळ्या इतक्या पडल्या की मौनीला त्यातून कानसशी बोलता आलं.

"सगळे जेवायला जातील. मी जीभ आणलीय. पिशवीत आहे."

कानसने त्या क्षणी त्याला मनातल्या मनात दहा गुन्हे माफ केले.

पण जेवायला जाण्याआधी एका मोठ्या कारखान्याचे अधिकारी तिच्यापाशी आले. ते म्हणाले, "युद्ध एकाही अपघाताविना पार पाडणारी मुलं आम्हाला हवी असतात. पुढच्या महिन्यात कामावर या." मौनीलाही त्यांनी तेच सांगितलं. मग सभागृह रिकामं झालं. पिंजऱ्याशी कानस, मौनी, ठिणगी आणि कोपऱ्यात खुर्चीवर आत्या, एवढीच माणसं उरली.

ठिणगीने एका ओढीत गादी उतरवली. रबर सुटलं, हॉर्न बाजूला पडला. मौनीने बोधचिन्ह काढून जावयाला जीभ बसवली. कानसने चावी लावली आणि पिंजऱ्याचं दार ओढून घेतलं. पिंपाचे दात मुलाम्यात लखलखत होते. आत्याबाई इतकी सुंदर यापूर्वी कधी दिसली नव्हती.

"चालू कर," मौनी म्हणाला.

"तू आधी."

"पाहुणे आम्ही. यजमानांनी आधी करायचं असतं."

"मागच्या वर्षी जिंकलात तुम्ही. मान तुमचा."

दोघांचे अंगठे रिमोटवर होते. आत्ता जो हरेल, तो संयुक्त विजेता कसा राहील, हा प्रश्न दोघांनाही एकाच वेळी पडला होता. पुढच्या महिन्याचाही पडला होता. ठिणगी एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिला.

"दाब," आत्या म्हणाली.

"दाबते गं. ओरखडा पडेल का, तेवढं बघत होते."

आत्या उठली. पिंजऱ्यापाशी येऊन तिने आपल्या मोटरीकडे पाहिलं आणि मग भाचीकडे. त्या दिवशी ती आयुष्यातलं सगळ्यांत लांब वाक्य बोलली.

"रबर यंत्राच्या दातांना साहेबांनी लावलं होतं, ते काढलंस, तुझ्या अंगठ्याला कोणी लावलं, ते सांगशील का?"

बाहेर जेवून आलेल्या माणसांचे आवाज ऐकू आले. ठिणगीने मुकाट्याने गादी पुन्हा बांधली.

पुढे प्राचार्य बढती मिळून वर गेले आणि तिथे त्यांनी सगळ्याच स्पर्धा तत्त्वतः घेण्याचं धोरण आणलं. भांडारपाल निवृत्त झाले. निरोपसमारंभ त्यांनी उभ्याउभ्याच उरकला, कारण खुर्च्या काढाव्या लागल्या असत्या. मौनी कारखान्यात मोठ्या पदावर पोचला. तो आता खूप बोलतो, विशेषतः बैठकींत. ठिणगीने एका गल्लीत मोटरी गुंडाळण्याचं दुकान टाकलं, ते चाललं, एकदा जळलं आणि पुन्हा चाललं. आत्या शेवटपर्यंत कपडे हाताने धूत राहिली. भाचीने नवं मशीन पाठवलं होतं, ते तिने शेजारणीला देऊन टाकलं.

आत्याबाई आणि जावई आपापल्या संस्थेच्या दाराशी काचेत उभे आहेत. कानस दर वर्षी त्या स्पर्धेला प्रमुख पाहुणी म्हणून जाते आणि नव्या मुलांना लढाऊ वृत्तीबद्दल सांगते. ती बोलते चांगलं. मुलं टाळ्या वाजवतात, कारण तोपर्यंत त्यांची यंत्रंही पेटीत गेलेली असतात.

तुम्हाला हसू आलं असेल, तर ते येऊ द्या. मग उठून दिवाणखान्यातलं काचेचं कपाट एकदा बघा. तो चांगल्या कपांचा संच कोण येणार म्हणून ठेवला आहे, आणि जे येणार होते ते हयात आहेत का? आणि उठलाच आहात तर आणखी एक आठवून बघा. ज्या साहेबांना तुम्ही एकदा तोंडावर स्पष्ट सांगणार होतात, त्यांच्या निरोपसमारंभात भाषण तुम्हीच केलंत ना?