मंजूर झाकण

माझी बहीण कारिदाद पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्यांदा लग्नाला उभी राहिली, त्याच वर्षी आमच्या सांतियागोच्या वाहन तपासणी केंद्रात परदेशी झाकण आलं. ते ब्रेक ऑइलच्या डबीवर आवळायचं, नळीने पंप जोडायचा. हवेच्या दाबाने ऑइल पुढे सरकतं आणि पाइपात अडकलेले बुडबुडे बाहेर पडतात. वस्तू चांगली होती. म्हणून तिच्याविना ब्रेकमधली हवा काढायला बंदी आली.

नवरदेव एवेलिओ टॅक्सी चालवायचा. त्याच्या म्हाताऱ्या शेवरोलेच्या पाइपात हवा शिरून ब्रेक पेडल तळाला टेकत होतं. ऑइलची मूळ डबी केव्हाच गेलेली; तिच्या जागी मायोनेजची बरणी.

तपासनीस रेइनेरिओने झाकण फिरवून पाहिलं. "बसत नाही. गाडी नापास."

"अहो, मग झाकण नापास करा की!"

"झाकण सरकारी आहे. सरकारी वस्तू नापास होत नसते."

"बरं, जुन्या पद्धतीनं करू," एवेलिओने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे दादा पेडल दाबतील, मी खालून हवा काढतो."

"पायानं? कॉम्रेड, कुठल्या काळात राहता?"

तपासणीपुरते चांगले टायर शेजाऱ्याकडून मागून आणायचे, ही आमच्याकडची रीतच आहे. झाकण फक्त केंद्राच्या संचालकांच्या गाडीच्या डबीला बसायचं, तेव्हा सगळे तीच डबी मागू लागले. रोजच्या काढघालीला कंटाळून संचालकांनी ती केंद्राच्या टेबलावरच ठेवून दिली आणि स्वतः पायी फिरू लागले. आता गाडी बाहेर उभी राहायची, आत डबीवर झाकण बसायचं, पंपाचा काटा स्थिर राहिला की गाडी पास.

"आणि माझ्या पाइपातली हवा?" एवेलिओने विचारलं.

"टेबलावर हवा सापडली का?"

"नाही."

"मग झालं तर!"

काचेवर शिक्का लागला. कारिदाद म्हणाली, "तरी एकदा दादाला पेडलवर बसव ना."

"मंजूर ब्रेकला हात लावला तर परवाना जाईल, बाई," एवेलिओ म्हणाला आणि बंदराकडे निघाला.

पुढे चौकशी झाली. ब्रेक मंजूर होते, त्यामुळे दोष त्यांचा असणं शक्य नव्हतं. समितीने बंदराचा उतार तपासला आणि उतार नापास केला. आता टॅक्सी वळसा घालून जातात. आत बसलेले लोक ब्रेकबद्दल काही विचारत नाहीत. उशीर होतो म्हणून कुरकुरतात. तुम्हीही कुरकुरला असता.

एवेलिओ नऊ ऑक्टोबरला, शुक्रवारी सकाळी, त्या उताराच्या तळाशी वारला. गाडीत तो एकटाच होता.