अण्णा, पान अकरा

आमच्या घरात संदर्भ दिल्याशिवाय बोललेलं वाक्य ऐकू येत नाही, आणि असं का, हे विचारायचं नाही, असं मला लहानपणीच बजावलं होतं. ओठ हलतात, आवाज येत नाही. संदर्भ दिला की स्वच्छ ऐकू येतं. मात्र तो बाबांच्या संग्रहातला हवा.

बाबा मराठवाड्यातल्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, संशोधन करतात. परभणीच्या आमच्या घरात, त्यांच्या संगणकावर, बारवांवरचे हजारो लेख आहेत आणि घर त्यांवरच चालतं. पाणी मागायला अडचण येत नाही. तहानेला भरपूर आधार सापडतो. भुकेसाठी दुष्काळावरचा एक लेख आहे. मला मात्र गेली काही वर्षं एकच वाक्य बोलायचं होतं : मला या घरात फार एकटं वाटतं. ते मी जेवताना म्हटलं, दारात उभी राहून म्हटलं, टीव्हीच्या पुढ्यात उभी राहून म्हटलं. कोणी मान वर केली नाही. आई होती तोवर तिला न ऐकताच कळायचं. ती गेल्यावर मी संग्रह पुन्हा पुन्हा चाळला. बारवा बांधणारे, मोजणारे, त्यांतला गाळ उपसणारे, सगळे होते. एकटं कोणीच पडलं नव्हतं.

थोरल्यांना असली अडचण नव्हती. बाबा, भाऊकाका आणि कुमुदआत्या कशालाही एकच संदर्भ देत. "पोरीच्या जातीने साडेसातच्या आत घरी. अण्णा, पान अकरा," असं काका म्हणत. आमटीत गूळ कमी पडला तरी आत्याचं अण्णा, पान अकरा. अण्णा म्हणजे माझे पणजोबा. त्यांनी काहीतरी लिहून ठेवलंय, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. तो संदर्भ मला लग्नानंतर मिळणार होता.

जूनमध्ये मी कॉलेजातून एक सॉफ्टवेअर आणलं. आपल्या संग्रहात ज्यांचा हवाला दिला जातो, पण जे संग्रहात नाहीत, असे संदर्भ ते शोधून काढतं. अशा एखाद्या निसटलेल्या लेखात कोणीतरी एकटं पडलं असेल, अशी मला आशा होती. ते दुपारभर चाललं. घरातलं बोलणंही त्याने तपासलं, कारण तेही संग्रहावरच उभं होतं.

निकालात पहिलंच नाव अण्णांचं आलं. पान अकरा कुठेच नव्हतं. पान दहाही नव्हतं. अण्णांनी काही लिहिल्याची नोंद एकाही ग्रंथालयात नव्हती. खाली सॉफ्टवेअरने विचारलं होतं, तपशील भरायचा की संदर्भ काढून टाकायचा. तपासणी मी सुरू केली होती, म्हणून उत्तरही मीच द्यायचं होतं.

निकाल आता संग्रहातच जमा झाला होता, म्हणून संध्याकाळच्या चहाला मी त्याचाच हवाला देऊन सगळं सांगितलं. तिघांपैकी कोणालाही धक्का बसला नाही.

"असतं असं जुन्या कामांत," काका म्हणाले. "तू भरून टाक. अण्णा, पान अकरा."

उत्तर मिळेपर्यंत तो संदर्भ तात्पुरता चालू होता, त्यामुळे त्यांचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येत होता. मग साल कोणतं घालायचं यावर त्यांचा आणि आत्याचा वाद झाला. आत्याला प्लेगच्या आधीचं हवं होतं, काकांना नंतरचं. बाबांनी आयुष्यभर चुकीच्या पान क्रमांकासाठी विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवले होते. त्यांनी पुस्तकाचं नाव सुचवलं.

मी हात हलवला नाही, तेव्हा आत्या खुर्ची पुढे ओढून बसली.

"ऋजू, तू इतकी वर्षं काहीतरी म्हणतेस ना गं? जेवताना तोंड हलताना दिसतं. तेही घालून टाक त्यात. पान बारावर. अण्णा, पान अकरा."

म्हणजे दिसत होतं.

काकांनी दुजोरा दिला. पान बारा तसंही रिकामंच आहे, म्हणाले.

मी विचार केला. माझं वाक्य घरभर ऐकू गेलं असतं. पण ते अण्णांचं म्हणून ऐकू गेलं असतं. मग एकटे अण्णा पडले असते. या तिघांनी त्यांच्या फोटोला हार घातला असता आणि आमटी वाढून घेतली असती.

"नाही," मी म्हणाले.

ते ऐकू आलं. नकाराला संदर्भ लागत नाही हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण तोवर तो कोणी दिलाच नव्हता.

"मी हे भरणार नाही," मी म्हणाले. तेही ऐकू आलं. मी संदर्भ काढून टाकला.

काका तावातावाने उठले आणि बोट नाचवत बराच वेळ बोलले. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. आत्या कपबशा गोळा करता करता काहीतरी सांगत राहिली आणि मोरीपाशी जाऊन थांबली. बाबा सगळ्यांत शेवटी बोलले. एकच वाक्य होतं, लहानसं, माझ्याकडे बघून. बारवांवरचे सगळे लेख त्यांना तोंडपाठ आहेत. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते बहुधा त्यांत नव्हतं.

मी कानाकडे बोट नेलं. त्यांनी तेच पुन्हा, सावकाश ओठ हलवून सांगितलं.