भर दुपारी भूप

सुमनचं ओरडणं एकदम थांबलं, आणि त्याच वेळी बाहेर ओसरीवर वामनरावांच्या ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली. खण्णकन आवाज झाला आणि मग घरात काहीच ऐकू येईना. बाळंतपणात ओरडणाऱ्या बाईची मला भीती वाटत नाही, गप्प झालेल्या बाईची वाटते. नर्सबाईंनी सुमनच्या गालावर चापट्या मारल्या आणि मला म्हणाल्या, "हिला डोळे मिटू देऊ नका. काहीही करा, पण जागी ठेवा."

सुमन माझी सून. दिवस भरायला अजून महिन्याच्या वर अवकाश होता आणि सकाळीच कळा सुरू झाल्या. पहिलं मूल पोटातच गेलेलं. मुलगा कामासाठी परगावी. नगरच्या दवाखान्यात न्यायला टांगा आणायला गेलेला माणूस अजून फिरकला नव्हता. नर्सबाई भिंगारातच राहायच्या म्हणून निदान त्या तरी होत्या. आणि बाळंतिणीच्या दाराबाहेर ग्रामोफोन मांडून बसलेला माणूस कोण, ते आता सांगायला हवं.

वामनराव आमचे शेजारी. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत, आणि ती भिंत इतकी पातळ की त्यांनी तंबोरा जुळवायला घेतला की आमच्या मांडणीतल्या वाट्या किणकिणायच्या. एकटेच राहायचे. लग्न झालंच नसावं असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. असल्या माणसाला मुलगी देणार कोण?

लोक शेजाऱ्याला सुंठ, ओवा देतात. वामनराव राग द्यायचे. माझे गुडघे धरले तेव्हा म्हणाले, "वहिनी, रोज रात्री थोडा मालकंस घेऊन बघा."

मी म्हटलं, "तेलाबरोबर घेऊ की कोरडा?"

त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, "कोरडाच. आणि घेताना बोलायचं नाही."

डोकं दुखणाऱ्याला तोडी द्यायची नाही, जड पडते. दरबारी तर नवख्या माणसाच्या हाती लागूच द्यायचा नाही, आठवडाभर कामावर जाणार नाही. हे सगळं ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "घाई नाही. कान तुमचेच आहेत, कुठं पळतात?"

पण त्यांचं खरं वेड वेळेचं. सकाळचा राग सकाळी, संध्याकाळचा संध्याकाळी. "अवेळी राग म्हणजे नासलेलं दूध. पोटात जाईल, पण अंगी लागायचं नाही," असं म्हणायचे. एकदा बाजारात कुणाच्या तरी लग्नात उतरत्या उन्हाला सनईवाला सकाळचा कुठलासा राग वाजवत होता. वामनराव तडक मांडवात शिरले आणि नवऱ्या मुलाच्या बापाला समजावू लागले. त्या माणसाला वाटलं मुलीकडचा कुणी रुसलेला पाहुणा आहे. त्यानं हाताला धरून पाटावर बसवलं आणि जिलबी वाढली. परत आल्यावर मी विचारलं, "ऐकलं का त्यांनी?"

"नाही," म्हणाले, "पण जिलबी वेळेवर होती."

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आळीला टँकरनं पाणी यायचं. पहाटेपासून हंडे रांगेला लावून ठेवायचे आणि टँकरची वाट बघायची. एका सकाळी पाहते तर वामनराव एकेका हंड्यावर बोटाच्या पेरानं टकटक करताहेत आणि उचलून इकडचा तिकडं ठेवताहेत. हंडे सुरानं लावत होते, खालचा सूर आधी, वरचा मागं. माझा हंडा पार शेवटी गेला.

"भावजी, माझा नंबर पुढं होता."

"वहिनी, तुमचा हंडा पातळ आहे. त्याची जागा वरच आहे."

बायका कळश्या घेऊन त्यांच्या अंगावर गेल्या तेव्हा टँकर येईपर्यंत ते संडासात कडी लावून बसले. तिथूनसुद्धा सांगत होते की मधला पितळी हंडा तेवढा हलवू नका.

त्याच उन्हाळ्यात सुमनला दिवस गेलेले होते. पोरगी शेतकऱ्याच्या घरची, एरवी धीट. पण पहिल्या वेळचं मनात धरून बसली होती. झोपायची नाही. पोटावर हात ठेवून बसायची आणि बाळ हललं नाही की मला उठवायची. "आत्याबाई, हलना झालंय वो." मी हात लावायचे, बाळ हलायचं, ती रडायची. मलाही झोप नाही. मी चिडायचे, पण भीती माझ्याही पोटात होती. ती मी तिला दाखवली नाही एवढंच.

वामनरावांनी भिंतीपलीकडून हे सगळं ऐकलं असणार. एक दिवस तिन्हीसांजेला ग्रामोफोन घेऊन ओसरीवर आले. पहिल्या दिवशी कुण्या जुन्या बुवांची तबकडी लावली. सुमन बिचारी ऐकत राहिली आणि मग माझ्या कानाशी म्हणाली, "आत्याबाई, ह्या बाबाची दाढ दुखती का?"

मी वामनरावांना सरळ सांगितलं, "पोरीनं आयुष्यात भजनापलीकडं काही ऐकलेलं नाही. तिला झेपेल असं काही असेल तर द्या, नाहीतर पेटी उचला."

ते रागावले नाहीत. उलट खजील झाले. "चुकलंच माझं. नवीन माणसाला एकदम गळा देऊ नये. आधी बासरी. आणि भूप. पाचच सूर असतात त्यात, कुणीही आत येऊन बसावं असं घर आहे ते."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बासरीवरचा भूप लागला. सुमननं विचारलं, "मी काय करू आता?"

"काही करायचं नाही," वामनराव म्हणाले. "मान डोलवायची नाही, वा वा करायचं नाही. गहू निवडत असाल तर निवडा."

ती गहू निवडत बसली. तबकडी संपली की ते ग्रामोफोनला चावी देऊन पुन्हा लावायचे. त्या रात्री सुमननं मला उठवलं नाही. मग रोज संध्याकाळी तेच. महिन्याभरानं ती म्हणायला लागली, "आलं का आपलं संध्याकाळचं?" त्यांनी मध्ये एकदा दुर्गा दिला, तोही तिला मानवला. पण तिचं मन भूपावरच. तो मात्र दिवेलागणीच्या आधी कधी मिळायचा नाही. मी एकदा म्हटलं, आज लवकर लावा, मला देवळात जायचंय. म्हणाले, "तुम्ही जाऊन या. भूप यायचा तेव्हाच येईल."

तर त्या दिवशी. कळा सुरू झाल्याचं कळताच वामनराव कामावर न जाता ग्रामोफोन घेऊन ओसरीवर बसले होते. दुपार म्हणून सारंग लावला होता. नर्सबाई म्हणाल्या, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "असू द्या, तिला सवय आहे." आणि मग सुमन गप्प झाली, स्प्रिंग तुटली.

मी तिला हलवलं. तिनं डोळे अर्धे उघडले. "बंद का केलं?" तिचा आवाज ओठातच होता. "संध्याकाळचं लावा म्हनावं ना त्यांना."

मी दारातून ओरडले, "भावजी, भूप लावा."

"वहिनी, दोन वाजलेत."

"लावा म्हणते ना."

बाहेर तबकडी बदलताना खुडखुड झाली. मग आवाज आला, "स्प्रिंग गेलीय."

"मग हातानं फिरवा."

आणि बासरी सुरू झाली. कसली बासरी, बोटानं फिरवलेली तबकडी ती. कधी म्हशीसारखी हंबरायची, कधी शेळीसारखी वर चढायची. सुमनला हसू आलं. कळा सोसत असताना, घामानं डबडबलेली, ती पोरगी हसली. "चुकतंय त्यांचं," म्हणाली. नर्सबाईंनी तेवढ्यात पकडलं, "जागी आहेस ना? मग जोर कर."

हळूहळू बाहेरचा हात सरावला. सूर सरळ येऊ लागला. तबकडी संपायची, सुई टेकल्याचा आवाज व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून. मध्ये जेवढा वेळ आवाज नसे तेवढा वेळ मी सुमनचे गाल थोपटत राहायचे. टांगा आला तो परत पाठवला, आता हलवायची सोय नव्हती. उन्हं उतरली तेव्हा मूल बाहेर आलं. मुलगी. निळसर, मुठीएवढी, आणि आवाज नाही. नर्सबाईंनी तिला उलटी धरली, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग ती रडली. त्या रडण्यात एकही सूर धड नव्हता.

मी बाहेर आले. वामनराव भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि तबकडी फिरवतच होते.

"भावजी, झालं. थांबा आता."

ते थांबले नाहीत. "दोघी?"

"दोघी."

"बोलतायत?"

"एक रडतेय, एक पाणी मागतेय."

तेव्हा हात थांबला. बोटाची कातडी सोलून निघाली होती. मी हळद आणली, बोटावर दाबली. त्यांनी हात मागं घेतला नाही.

"आमच्याकडं तेव्हा कुणी आवाजच केला नाही, वहिनी," ते म्हणाले. "मी असाच बाहेर बसलो होतो. आत सगळ्या बायका हळू बोलत होत्या. मला वाटलं, शांत आहे म्हणजे ठीक चाललंय."

"मूलही गेलं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि त्यांना कुणी मुलगी दिली नसेल म्हणून आम्ही हसत आलो. मी चहा टाकायला उठले.

"अवेळी लागला हो भूप," ते मागून म्हणाले.

"लागू दे," मी म्हटलं. "साखर किती घालू?"

ग्रामोफोनला तशी दुसरी स्प्रिंग मिळाली नाही. पण त्या दुपारी त्या घरात सुमन वाचली, तिची मुलगी वाचली, आणि ओसरीवर बसलेले वामनरावही.