ओलीचा पुरावा

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता आमच्या सरकारी क्वार्टरच्या भिंतीतला पाइप फुटला. सव्वाआठपर्यंत दोन्ही खोल्यांत घोटाभर पाणी होतं, गाद्या तळापासून भिजल्या होत्या आणि सात महिन्यांची सुहासिनी टेबलावर बसून हा सोहळा आनंदानं पाहत होती. घरात टेबलाएवढीच कोरडी जागा उरली होती. जानेवारी महिना होता आणि पोरीची छाती आठवड्यापासून घरघरत होती.

देखभाल कचेरीचा फिटर देवाजी त्याच दिवशी आला. हे मुद्दाम नोंदवते, कारण यापुढं कौतुक करण्यासारखं काही नाही. त्यानं बाहेरचा कॉक बंद केला, भिंतीला कान लावला आणि म्हणाला, "बाई, पाणी पुसू नका. ओवरसियर साहेब ओल पाहतीन, मंग पाइप बदलतीन."

"कधी येणार ते?"

"येतीन ना."

"तोवर आजारी लेकराला घेऊन या ओलीत झोपू?"

"झोपा ना. झोपाची मनाई नाही. पुसाची आहे."

संध्याकाळी हे कचेरीतून आले. ह्यांच्या स्वतःच्या टेबलावर लोकांचे अर्ज पिकून पिवळे होतात, त्यामुळं ह्यांना पद्धतीबद्दल फार आदर. "सांगितलंय तर थांबावं," असं म्हणून ते पाय वर घेऊन खुर्चीत बसले.

मी थांबले नाही. बादल्या भरभरून पाणी बाहेर फेकलं, फरशीवर पोती अंथरली, भिंतीपाशी सिगडी पेटवून ठेवली, गाद्या अंगणात उन्हाबरोबर सरकवत राहिले. शेजारच्या यमुताई कुंपणावरून बघत होत्या. "काहून इतकी घासून राहिली वं? भिंत आहे ते, तवा नाही." पण प्यायचं पाणी त्यांच्याच नळावरून येत होतं, म्हणून मी नुसतीच हसले. शुक्रवारी सकाळी घर खडखडीत कोरडं झालं. पोर शांत झोपली.

आणि शुक्रवारी दुपारी ओवरसियर गणपतराव आले. त्यांनी बुटाच्या टोकानं फरशी तपासली.

"ओल कुठं आहे?"

"पुसली मी. घरात लहान मूल आहे."

"म्हणजे तुम्हीच पुरावा नष्ट केला."

"पाइप फुटलेलाच आहे, साहेब. कॉक उघडून बघा."

"कॉक उघडणं फिटरचं काम. ओल पाहणं माझं. एकमेकांच्या कामात आम्ही हात घालत नाही." त्यांनी उभ्यानंच लिहिलं : 'प्रत्यक्ष पाहणीत ओल आढळली नाही. तक्रारीत तथ्य नाही. अर्ज दप्तरी दाखल.' मग जरा मऊ होऊन म्हणाले, "नवा अर्ज करा. सोमवारी अकराला येतो. पण या खेपेला ओल नीट सांभाळून ठेवा, बाई."

बी.ए.ला मला तर्कशास्त्र होतं. त्याचा उपयोग आयुष्यात प्रथमच झाला. घर ओलं असल्याशिवाय ते कोरडं करून घेण्याचा हक्क मिळत नाही, हे मला चटकन समजलं. कॉकला फिटरशिवाय कुणी हात लावायचा नाही, म्हणून सोमवारी सकाळी मी यमुताईंच्या नळावरून बादल्या आणल्या आणि माझ्याच हातांनी वाळवलेल्या भिंतीवर ओतू लागले.

"डोकं ठिकाणावर आहे ना वं तुह्यं?" यमुताई ओरडल्या. "लेकरू खोकलून राहिलं, अन् तू घर भिजवून राहिली?"

"सरकारी काम आहे, यमुताई."

"अस्सं? मंग टाक. पण हळू टाक, माह्या भिंतीले ओल येईन."

गणपतराव ठरल्या वेळी आले. फरशीपासून वर टेप लावली. "छत्तीस इंच. अठ्ठेचाळीसच्या खाली ती किरकोळ ओल. किरकोळीचा नंबर पावसाळ्यानंतर."

माझा चेहरा पडला. आत पोर खोकत होती. तो खोकला त्यांनाही ऐकू गेला असावा, कारण ते हळूच म्हणाले, "मी जरा खिडकीकडं तोंड करतो. तुम्हाला दोन-तीन बादल्यांची सोय असेल तर बघा."

ते वळले. मी ओतलं. ते पुन्हा वळले.

"पन्नास!" परीक्षकानं पहिला वर्ग जाहीर करावा तसे ते म्हणाले. मलाही, खोटं कशाला बोलू, क्षणभर अभिमान वाटला.

गुरुवारी पाइप बदलला. त्याच दिवशी सुहासिनीला दवाखान्यात ठेवावं लागलं. न्यूमोनिया. नऊ दिवस. "घर इतकं ओलं कशानं झालं?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "पाइप फुटला."

पोर आता बरी आहे. रांगेतल्या क्वार्टरांमधल्या बाया तिला पाहायला येतात, गालाला हात लावतात, "वाळली वं पोट्टी," म्हणतात आणि निघताना दारात थांबून विचारतात, "किती इंच लागते म्हनलं होतं साहेबानं?"

मी सांगते. तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमचा तो आकडा पाठ झालाच आहे. पोर किती दिवस दवाखान्यात होती, ते मात्र पुन्हा वर पाहावं लागेल.